हात आडवा येताच थांबणारे यंत्र

पॉवर प्रेसवर बोटे गमावलेले कामगार आम्ही पुष्कळ पाहिले. म्हणून, इटलीतील इव्रेआ गावी २००५ साली जन्मलेल्या आर्डुइनोचा ‘ऊनो’ बोर्ड हाती येताच आम्ही प्रथम हात ओळखणारा नमुना केला.

खोक्याच्या एका बाजूस दिवा, समोर प्रकाशात रोध घटणारा एलडीआर. त्याचे एक टोक ५ व्होल्टला. दुसरे बोर्डाला, आणि तेथूनच १०,००० ओहमच्या रेझिस्टरमधून शून्याला. बोर्ड ते व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो. आकडा मोठा असेतो ट्रान्झिस्टरमार्फत मोटर फिरते. हात आडवा आला की आकडा उतरतो, मोटर थांबते.

खरी मेख पुढेच आहे. हातावरून परतणारा प्रकाश टिपूनही हे साधले असते. पण मग दिवा गेला वा एलडीआरची तार तुटली, तर यंत्र ‘हात नाही’ असेच समजून चालत राहील! आमच्या मांडणीत दोन्ही प्रसंगी अंधारच वाचला जातो, आणि मोटर थांबते. उत्पादन खोळंबल्याबद्दल मालक कुरकुरेल, कुरकुरो बापडा.

मात्र हे खेळणे खऱ्या प्रेसला कोणी लावू नये. खिडकीतले ऊनही त्याला फसवते, आणि आज्ञावली मध्येच अडकली तर मोटर फिरतच राहील. कारखान्यात रीतसर तपासलेला, दुहेरी मंडलांचा प्रकाशपडदाच मागावा.