वर्तनाला वळण देणारी रचना

माणसाच्या वर्तनात पालट घडावा म्हणून वस्तूंची आणि व्यवस्थांची हेतुपूर्वक रचना करणे, या विचाराविषयी सुशिक्षित समाजातही जे ग्रह रूढ आहेत, त्यांत सर्वांत बळकट ग्रह असा की, ही माणसाला नकळत नाचविण्याची विद्या असून साधी व प्रामाणिक रचना कोणावर कसलाच प्रभाव पाडीत नाही. वस्तुतः प्रभावशून्य रचना संभवतच नाही. अनेक एटीएम यंत्रांतून आधी कार्ड बाहेर येते व ते उचलल्यावाचून नोटा मिळत नाहीत. हा क्रम उलटा ठेवला, तर नोटा हाती पडताच काम झाले असे मन धरून चालते आणि कार्ड यंत्रातच राहून जाते. दोहोंपैकी एक क्रम यंत्र घडविणाऱ्याला पत्करावाच लागतो, आणि त्यासोबत त्याच्या परिणामाची जबाबदारीही.

ही जबाबदारी उघडपणे मान्य करूनच डॅन लॉक्टन या ब्रिटिश संशोधकांनी लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात आपले संशोधन उभारले. 2010 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह रचनेचे 101 प्रकार पत्त्यांच्या संचाच्या रूपाने प्रसिद्ध केले आणि इमारतीच्या मांडणीपासून चुका टाळणाऱ्या तरतुदींपर्यंत, खेळाच्या ओढीपासून पहारा-बंदोबस्ताच्या उपायांपर्यंत, त्यांची आठ वर्गांत विभागणी केली. त्यांतील एका वर्गाला मॅकिआव्हेलीचे नाव असून, ग्राहकाला कोंडीत पकडणारे डावपेचही त्यात नमूद आहेत. ते वगळून संच सोज्ज्वळ करणे सोपे होते. परंतु जे डाव राजरोस खेळले जातात ते ओळखता यावयाचे, तर त्यांची नोंद दप्तरी असलीच पाहिजे, आणि या बाबतीतील लॉक्टन यांची सचोटी मला विशेष मोलाची वाटते.

दुसरा समज याहून खोल रुजलेला आहे: लोक आळशी, अविचारी अथवा अडाणी असतात म्हणून चुकीचे वागतात, आणि त्यावर इलाज म्हणजे उपदेश किंवा दंड. लॉक्टन यांनी रचनाकारांच्याच मनातील माणसाचे चित्र तपासावयास घेतले, आणि त्याचे तीन नमुने मांडले: पिनबॉलच्या गोळीप्रमाणे ढकलला जाणारा माणूस, सोपी वाट शोधणारा माणूस, आणि कारणे समजून निर्णय करणारा विचारी माणूस. ज्या चित्राला प्रमाण मानावे तशी रचना निपजते. त्यांच्या कामाशी संबंध नसलेला, परंतु हाच मुद्दा स्पष्ट करणारा एक प्रयोग 2010 च्या सुमारास मुंबईत वडाळ्याजवळ झाला. रूळ ओलांडताना प्राण गमावणाऱ्यांना बेपर्वा ठरवून मोकळे होण्याऐवजी तेथे हे लक्षात घेतले गेले की, प्रचंड आकाराची वस्तू डोळ्याला तिच्या खऱ्या वेगापेक्षा मंद भासते. म्हणून गाडीचा वेग अजमावता यावा यासाठी काही स्लीपर पिवळे रंगविले, एका लांबलचक शिट्टीच्या जागी दोन तुटक शिट्ट्या योजिल्या, आणि गाडीखाली सापडण्याच्या क्षणी भयाने विस्फारलेल्या चेहऱ्याची छायाचित्रे रुळांपाशी लावली.

तिसरा गैरसमज या विद्येच्या भक्तांचाच आहे. लहानसा फेरफार केला की समाज सुधारतो, याचा पुरावा म्हणून ते अवयवदानाची आकडेवारी पुढे करतात. 2003 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या लेखानुसार, स्वतः नोंदणी करावी लागणाऱ्या जर्मनीत संमतीचे प्रमाण सुमारे 12 टक्के होते, तर नकार न नोंदविल्यास संमती गृहीत धरणाऱ्या ऑस्ट्रियात ते 99 टक्क्यांहून अधिक होते. आकडे खरे आहेत. मात्र ते कागदावरील संमतीचे आहेत, प्रत्यक्ष प्रत्यारोपणाचे नव्हेत. स्पेनमध्ये गृहीत संमतीचा कायदा 1979 मध्येच झाला, तरी अवयवदानाला खरी गती आली ती 1989 मध्ये राष्ट्रीय प्रत्यारोपण संघटना स्थापन होऊन रुग्णालयांत प्रशिक्षित समन्वयक नेमले गेल्यानंतर. हे समन्वयक संभाव्य दाता वेळीच हेरतात व शोकाकुल कुटुंबीयांशी संयमाने बोलतात. आणि कायद्याने मुभा दिलेली असूनही, त्या कुटुंबाला विचारल्यावाचून तेथे अवयव काढून घेतले जात नाहीत.