निळा की पिवळा? आधी खिडकी बघा!

रत्नागिरीत पश्चिमेच्या खोलीत दुपारी तीननंतर ऊन थेट आत घुसतं. तिथे भिंतीला केशरी-पिवळा रंग मारलात तर पंखा लावूनही खोली तापलेलीच वाटणार. फिकट निळा किंवा समुद्री हिरवा बरा. उत्तरेच्या खोलीत उजेड निळसर, तिथे सायीचा रंग द्या. आणि बाहेरचा तांबडा जांभा दगड विसरू नका! आमच्या अंगणातल्या जांभ्या चिऱ्याच्या गडग्यावर ऊन पडलं की समोरची पांढरी भिंत चक्क गुलाबी दिसते. राखाडीची फॅशन आहे खरी, पण आषाढात आभाळ भरलं की तो रंग रडका वाटतो. दिव्याचाही फरक पडतो: २७०० केल्विनचा बल्ब पिवळसर, ६५००चा निळसर. रंग घेण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा नमुना मारा, सकाळी, संध्याकाळी आणि दिवा लावून बघा. भिंतीला ओल असेल तर आधी ती काढा.