चहाचं गाव (लेखांक ६)

मल्लेश्वरमला राहणाऱ्या माझ्या बेळगावकर मावशीसमोर कुणी दोन वाक्यं मराठी बोललं, की माणूस बेळगावचा, धारवाडचा की कारवारचा, हे ती लगेच सांगते. मात्र एकदा अकोल्याचा पाहुणा आला, तर त्याला तिनं बिनदिक्कत सोलापूरचा ठरवला. वऱ्हाडी तिच्या कानावर कधी पडलीच नव्हती, मग ओळखीतलं जवळात जवळचं गाव तिनं त्याला चिकटवलं.

अवरक्त प्रकाशाचं यंत्र चहाचं गाव ओळखतं ते थेट मावशीसारखं, आणि चुकतंही तसंच.

मागच्या आठवड्यात आपण सदाशिवनगरच्या रामन संस्थेपर्यंत जाऊन आलो. तिथल्या रामन वर्णपटाचं भावंड म्हणजे हा अवरक्त वर्णपट. चहा बारीक दळायचा, चाळायचा, वाटीत भरायचा आणि त्यावर ७८० ते २५०० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडायचा. पुडीतल्या रेणूंचे बंध त्यातला आपापला वाटा शोषतात. उरलेला परत येतो, तो मोजून त्याची आलेखरेषा काढायची. पॉलिफेनॉल, कॅफीन, थिॲनिन, सगळ्यांचे ठसे त्या रेषेत उमटतात, पण एकमेकांवर सांडलेले. दिसतात त्या नुसत्या गुळगुळीत टेकड्या. १४५० आणि १९४० च्या आसपासच्या दोन ठळक टेकड्या तर पाण्याच्याच. बंगळुरूच्या जुलैत पुडा दोन दिवस उघडा राहिला की त्या फुगतात.

दार्जिलिंगची खूण म्हणावं असं एकही शिखर त्यात सापडत नाही. मग उरतं गणित. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस माणसांच्या देहमापांवरून कोणता गट कोणाच्या जवळचा, हे शोधत होते. १९३६ साली त्यांनी अंतर मोजायची अशी रीत मांडली, की गटाचा पसारा ज्या दिशेनं मोठा, त्या दिशेचं अंतर कमी धरायचं. आज चहाच्या वर्णपटांना तीच फूटपट्टी लावतात: ओळखीच्या नमुन्यांवर यंत्राला शिकवायचं, आणि नवा चहा ज्या गटाच्या सर्वांत जवळ, त्या गावचा धरायचा. कोलकात्यात माणसांसाठी घडलेलं माप दार्जिलिंगच्या पानांना लागू पडावं, याची मला भारी गंमत वाटते.

गरज खरी आहे. दार्जिलिंग चहा हे देशातलं पहिलं भौगोलिक मानांकन, २००४ सालचं. हक्काच्या बागा ८७. सीमेपलीकडे नेपाळात इलाम. तेच डोंगर, बरंचसं तसंच हवामान, झुडपंही त्याच चिनी जातीची. स्वस्त नेपाळी चहा दार्जिलिंगच्या नावानं खपतो, ही बागायतदारांची जुनी तक्रार. निलगिरी आणि दार्जिलिंग वेगळे काढणं तुलनेनं सोपं. इलाम म्हणजे शेजारघरचा भाऊ!

यंत्राला ‘दार्जिलिंग, आसाम की निलगिरी?’ एवढंच विचारलं, तर इलामचा चहा ते मुकाट दार्जिलिंगच्या खात्यात टाकेल. प्रश्न ‘हा दार्जिलिंगचा आहे की नाही?’ असा हवा, आणि ‘यातला कुठलाच नाही’ म्हणायची मुभाही हवी. ऋतूचं वेगळंच. फक्त वसंतातल्या पहिल्या खुडीवर शिकलेलं यंत्र अस्सल दार्जिलिंगच्या पावसाळी चहालाही परका ठरवू शकतं. थोडी भेसळ असेल, तर ती बागाबागांतल्या नैसर्गिक फरकात सहज लपते.

म्हणून माझा भरवसा दिव्यावर कमी, नमुन्यांच्या फडताळावर जास्त. बागेत उभं राहून, तारीख घालून, डोळ्यांदेखत सीलबंद केलेले नमुने, तेही अनेक बागांचे, अनेक हंगामांचे. बाजारातल्या ‘दार्जिलिंग’च्या पुड्यांवर शिकवलेलं यंत्र बाजाराची लबाडीच पाठ करेल.

आमच्या या कॉफीच्या गावातही हाच पेच आहे. कॉफी बोर्डाचं मुख्यालय इथलंच, आणि २०१९ साली कूर्ग, चिकमगळूर, बाबाबुडनगिरी, वायनाड आणि अराकू अशा पाच कॉफ्यांना मानांकन मिळालं. पण कॉफी भाजली जाते, आणि वर फिल्टरच्या पुडीत चिकोरी. त्या काळ्या पुडीत चिकमगळूर शोधायचं कसं, ते पुढच्या आठवड्यात.