पट्टेरी क्लोरोफायटम : सावलींतील जमिनीचें पांघरूण

आंबा, वड किंवा चिंच यांसारख्या घनदाट वृक्षाखालीं हरळीची हिरवळ टिकत नाहीं, हा अनुभव ज्यांनीं ज्यांनीं अंगण राखलें आहे त्या सर्वांस आहे. हरळी ही उन्हाची भुकेली. सावली पडली कीं ती विरळ होत जाते आणि अखेरीस खालची माती उघडी पडते. पुष्कळांस अशी उघडी जमीन स्वच्छ वाटते. ती रोज झाडावी, पाचोळा गोळा करून जाळावा आणि अंगण लख्ख ठेवावें, अशी आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. परंतु मृगाच्या पहिल्या जोरदार सरी आल्या म्हणजे याच अंगणांतून लाल पाण्याचे ओहोळ फाटकाबाहेर कसे धांवतात तें एकदां पाहावें. कोकणपट्टींत वर्षाकांठीं २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तो बहुतेक सारा चार महिन्यांत. वृक्षाच्या पानांवर एकवटून खालीं पडणारा टपोरा थेंब उघड्या मातीवर हातोडीसारखा आदळतो, तिचे कण सुटे करतो, आणि वाहतें पाणी ते घेऊन जातें. कांहीं वर्षांनीं वृक्षाचीं मुळें वर डोकावूं लागतात. अशा जमिनीस झाडूची नव्हे, पांघरुणाची गरज असते. आणि सावलींत वाढणारें, सुंदर व स्वस्त पांघरूण पाहिजे असल्यास पट्टेरी क्लोरोफायटमसारखी वनस्पति शोधूनहि सांपडणें कठीण.

रोपवाटिकेंत हिला ‘स्पायडर प्लांट’ म्हणतात. लांब, अरुंद, कमानीसारखीं वांकलेलीं पानें पाहून कोणीहि तिला गवत समजेल. पण गवताशीं तिचें नातें फार दूरचें. तिची गणना शतावरीच्या कुळांत होते. तिच्या फुलास सहा पांढऱ्या पाकळ्या असतात, गवताच्या फुलास पाकळ्याच नसतात. एखादें रोप उपटून पाहिलें म्हणजे हा भेद अधिकच पटतो. गवताच्या तंतूंऐवजीं जाड, पांढरीं, रसाळ मुळें हातीं लागतात. हीं मुळें म्हणजे तिचे पाण्याचे रांजण होत.

ही मूळची आफ्रिकेंतील. थुनबर्ग नांवाच्या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञानें १७९४ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केलें. ‘कोमोसम’ या तिच्या उपनांवाचा अर्थ ‘झुपकेदार’ किंवा, आपल्या भाषेंत सांगावयाचें तर, ‘शेंडीवाली’ असा आहे. तथापि तिचे भाऊबंद आपल्या डोंगरांतहि आहेत, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. पावसाळ्याच्या आरंभीं बाजारांत फोडशी किंवा कुलू या नांवानें जी रानभाजी येते, ती याच वंशांतील रानटी जातींचीं कोवळीं पानें होत. औषधी म्हणून विकली जाणारी सफेद मुसळीहि याच वंशांतली. तिच्या एका जातीस मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजांतील फादर सांतापाव व फर्नांडिस यांनीं १९५० च्या दशकांत बोरिवलीवरून ‘बोरिव्हिलिॲनम’ असें नांव दिलें. (भाऊबंद खाण्याजोगे आहेत म्हणून बागेंतलें रोप मात्र कोणीं फोडणीस टाकूं नये !)

बागेंत हिचे दोन प्रकार विशेष दिसतात. एकाच्या पानाच्या मधोमध पांढरा पट्टा व दोन्ही कडा हिरव्या. दुसऱ्याचा मध्य हिरवा व कडा पांढऱ्या. पहिल्याचे लोंबणारे दांडे पांढुरके, तर दुसऱ्याचे हिरवे असतात. आतां हा पांढरा पट्टा म्हणजे काय ? तो रंग नव्हे, रंगाचा अभाव होय. त्या भागांतील पेशींत हरितद्रव्य नसतें. एकाच रोपाच्या देहांत हरितद्रव्य बनविणाऱ्या आणि न बनविणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशी शेजारीं शेजारीं नांदत असतात. सूर्यप्रकाशापासून अन्न तयार करण्याचें काम हिरव्या भागानें करावयाचें आणि पांढऱ्यानें त्यावर पोसावयाचें, असा हा संसार आहे. ही एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली म्हणजे या वनस्पतीची बहुतेक निगा आपोआप उमगते.

उदाहरणार्थ, भर दुपारच्या उन्हांत हिचीं पानें करपतात, म्हणून झाडाखालची गाळीव सावली किंवा सकाळचें कोवळें ऊन हिला मानवतें. पण अगदीं काळोखा कोपराहि चालत नाहीं. अन्न बनविणारा भाग आधींच थोडा, त्यांत प्रकाश तुटपुंजा, मग वाढ खुंटल्यावांचून कशी राहील? तसेंच कधीं कधीं पट्टेरी झुपक्यांतून एखादा सर्वस्वी हिरवा फुटवा निघतो. हा फुटवा इतरांपेक्षां जोमानें वाढतो व पांच-सहा हंगामांत सर्व पट्टेरी रोपांस झांकून टाकूं शकतो. म्हणून तो दिसतांच मुळासकट काढावा. उलट एखादें पिलूं अगदीं पांढरें शुभ्र निपजतें. दिसावयास तें मोठें देखणें असतें, आणि मातेच्या दांड्याला लोंबत असेपर्यंत जगतेंहि. परंतु तोडून निराळें लावलें तर उपाशीं मरतें. बियांपासून रोपें केल्यास पट्टे उतरतीलच असा भरंवसा नाहीं, म्हणून लागवड नेहमीं पिलांपासून किंवा झुपके फोडूनच करावी.

लागवडीस पावसाची झड ओसरून जमिनीस वाफसा आला म्हणजे उत्तम वेळ. वृक्षाखालीं कुदळ चालवूं नये, त्याचीं अन्न शोषणारीं बारीक मुळें वरच्या थरांतच असतात. खुरप्यानें चार बोटें माती भुसभुशीत केली कीं पुरे. तींत कुजलेलें शेणखत व पानांचें खत मिसळावें. काळ्या चिकट मातींत जाड वाळू घालून वाफा किंचित् उंच करावा, कारण रसाळ मुळांस साचलेलें पाणी सोसत नाहीं, तीं कुजतात. खोडाच्या बुंध्याशीं मात्र मातीचा ढीग करूं नये. दोन रोपांत एक वीत व वर बोटभर, म्हणजे सुमारें २५ सेंटिमीटर, अंतर ठेवल्यास एका चौरस मीटरास १६ रोपें लागतात. पहिला महिनाभर ओल सुटूं देऊं नये. पुढें बोटाच्या पेराइतकी माती सुकली म्हणजेच पाणी द्यावें. पाणी खारें असल्यास पानांचीं टोंकें तपकिरी होतात. तो रोग नव्हे, पाणी बदलून पाहावें.

पालकांस खर्चाची धास्ती वाटेल. पांच मीटर लांब व तितक्याच रुंद जागेस ४०० रोपें हवींत. परंतु विकत घ्यावयाच्या त्या केवळ पांच भरलेल्या कुंड्या. प्रत्येकीच्या दांड्यांवरून वीस पिलें मिळालीं तर १०० रोपें झालीं. पुढील वर्षीं या शंभरांनीं प्रत्येकीं तीनच पिलें दिलीं तरी चारशेंचा हिशेब पुरा होतो. पिलाच्या तळाशीं मुळांचे पांढरे कोंब दिसले कीं तें तोडून लावावें. किंवा न तोडतांच दांडा जमिनीवर टेकवून ठेवावा, म्हणजे तें आपण होऊन रुजतें.

हीं रोपें खोलींतील हवा शुद्ध करतात, असें आजकाल सर्वत्र सांगितलें जातें. याचें मूळ अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेनें १९८९ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत आहे. ते प्रयोग बंद पेटींतले होते. २०१९ सालीं अशा अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हां घरांत सहज येणाऱ्या-जाणाऱ्या वाऱ्याची बरोबरी करावयास दर चौरस मीटर जमिनीस निदान १० तरी कुंड्या लागतील असें दिसलें. तेव्हां हवेसाठीं खिडकी उघडावी आणि क्लोरोफायटम मातीसाठीं लावावें. डिफेनबाखियासारखें तें विषारी नाहीं, म्हणून लहान मुलें व मांजरें असलेल्या घरीं निर्धास्तपणें लावतां येतें.

मात्र तें पायदळीं तुडविलेलें सोसत नाहीं. खेळाच्या वाटेवर तें लावूं नये. जेथून जाणें-येणें अटळ असेल तेथें फरशीचे तुकडे बसवावे. पावसाळ्यांत गोगलगायी लपतात, त्या सायंकाळीं वेंचाव्या. बाकी काम फारसें उरत नाहीं. आंब्याचीं वाळलेलीं पानें झुपक्यांवर पडलीं तर तीं झाडूं नयेत; हातानें झुपका जरासा हलवावा, म्हणजे तीं आपोआप खालीं सरकतात आणि तेथें ओलाव्यांत कुजून पुढल्या पावसापर्यंत त्यांची माती होते.