कन्हानचा उन्हाळा आणि गाभण ससा

३० मे २०२४ रोजी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि घरोघरी तोच विषय झाला. पुढे हवामान खात्याने खुलासा केला की केंद्रातला संवेदक बिघडला होता. शहराचा खरा विक्रम ४७.९ अंशांचा, २३ मे २०१३ रोजीचा. तिथून वीसेक किलोमीटरवर कन्हानला ससे पाळणाऱ्याच्या मात्र यातला एकही आकडा कामाचा नाही. खात्याचा तापमापक हवा खेळणाऱ्या पांढऱ्या पेटीत, सावलीत असतो. ससा असतो टिनाच्या पत्र्याखाली. तापमापक पिंजऱ्यापाशी, सशाच्या उंचीवर टांगला तरच खरे काय ते कळते. त्याचा पारा तिशीपुढे सरकला की गाभण मादीची परीक्षा सुरू होते, आणि मे महिन्यात तो रात्री उशिरापर्यंत खाली यायचे नाव घेत नाही.

‘आपल्या शिवारात ससे राहतातच की, त्यांना कोण कूलर लावतो?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो. शिवारातला तो ससा वेगळाच प्राणी आहे. तो बीळ करत नाही, झुडपाखाली उथळ खळग्यात बसतो, आणि त्याची पिल्ले डोळे उघडे व अंगावर केस घेऊनच जन्मतात. पिंजऱ्यातल्या न्यूझीलंड व्हाइट किंवा सोव्हिएत चिंचिला जातींचा मूळपुरुष स्पेन-पोर्तुगालचा. त्याची पिल्ले उघडी, आंधळी जन्मतात. म्हणून त्याला खोल बीळ लागते. ऑस्ट्रेलियात १८५९ साली सोडलेले ससे तिथल्या तापलेल्या माळांवर पसरले, तेही बिळांच्या आधाराने. दुपारी जमिनीच्या पोटात, चरायला संध्याकाळी बाहेर. पिंजऱ्यात आपण त्याचे बीळच काढून घेतो.

दुसरा समज पंख्याबद्दल. सशाला घाम जवळपास येतच नाही आणि कुत्र्यासारखी जीभ काढून धापणेही त्याला नीट जमत नाही. त्याची सारी मदार कानांवर. कानांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि रक्तातली उष्णता हवेत जाते. पण ही युक्ती हवा रक्तापेक्षा थंड असेल तोवरच चालते. सशाचे अंग मुळातच ३८.५ ते ४० अंशांचे. बाहेर ४४ असताना पंखा सोडला, तर तेच कान उष्णता आत ओढतात. पंख्यापुढे ओले गोणपाट किंवा ताटी हवी, म्हणजे कूलरच हवा.

कूलरही मेच्या कोरड्या हवेतच गुणकारी. जूनमध्ये पावसाळी दमटपणा आला की तो नुसती चिपचिप वाढवतो, हे नागपूरकराला सांगायला नको. लू आत येऊ नये म्हणून शेड चहूबाजूंनी बंद करणे तर आणखी वाईट. मुताच्या अमोनियाचा दर्प आतच कोंडतो आणि सशांची छाती धरते. पत्र्यावर चुना, त्यावर पऱ्हाटी, तुराटी किंवा तणशीचा थर, आणि समोरासमोर उघड्या खिडक्या, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

आता पाणी. हिरवा चारा किंवा टरबुजाच्या फोडी दिल्या म्हणजे पाणी ठेवायला नको, असे मानणे चूक. टरबुजातली साखर सशाचे पोट बिघडवते. पिल्लांना पाजणारी मादी उन्हाळ्यात दिवसाला लिटरभर पाणी पिऊ शकते. पत्र्यालगत गेलेल्या नळीतले पाणी दुपारी चहाइतके तापते. मादी तोंड लावत नाही आणि मालक म्हणतो, हिला तहानच नाही! उन्हाळ्यात कांदा खिशात आणि ताटात ठेवणारी आपली माणसे तो सशालाही घालतात. कांद्याने सशाच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

गाभणकाळ सुमारे ३१ दिवसांचा. शेवटच्या आठवड्यात ‘पोट भरलंय, म्हणून खात नाही’ असे म्हणून सोडून देणे जिवावर बेतू शकते. उष्म्याने खाणे तुटते, अंगातली चरबी भराभर वितळते, तिचे विषारी अवशेष रक्तात साचतात आणि मादी विण्याच्या तोंडावर दगावते. चारा पहाटे आणि रात्री द्यावा. तेव्हाच ती खाते. खाणे सुटले, तर त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवावे. याउलट विण्याआधी ती छातीपोटाचे केस उपटते, त्याला लोक उष्णतेचा त्रास समजतात. ती पिल्लांची गादी असते, झाडून टाकायची नाही.

तोंड उघडे टाकून श्वास, लाल कान, ओले नाक, आडवे पडलेले अंग दिसले की मादीला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. त्या धक्क्याने ती जागीच मरू शकते. सावलीत न्यावे, साध्या गार पाण्याने कान भिजवावेत, फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली शेजारी ठेवावी आणि डॉक्टर गाठावा.

सगळ्यांत स्वस्त उपाय कॅलेंडरात आहे. २५ मेला नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागतो. २४ एप्रिलला जुळवलेली मादी नेमकी त्या दिवशी विणार. मार्च सरेपर्यंत वेत होतील असे गणित बसवून एप्रिल-मे मोकळे ठेवणे शहाणपणाचे. जुलैत जोडी जुळवूनही मादी रिकामी राहिली की ‘हिच्यातच खोट’ असा निकाल लागतो (दोष मादीला देण्याची सवय पिंजऱ्यापर्यंत पोचलेली!). उन्हाने शुक्रबीज नराचे बिघडते आणि नवे तयार व्हायला दीड-दोन महिने जातात. त्या मादीला विकण्याआधी ऑगस्टमध्ये त्याच नराशी पुन्हा एकदा जुळवून पाहावे.