संगणकाचा हुकूम आणि प्रोजेक्टरचा दिवा

भिंतीवर मोठें चित्र पाडणारा प्रोजेक्टर आणि त्याला चित्र पुरविणारा तळहाताएवढा संगणक, ही जोडी आतां पुष्कळ शाळांतून, ग्रंथालयांतून आणि हौशी गृहस्थांच्या दिवाणखान्यांतूनहि दिसूं लागली आहे. केंब्रिज येथें तयार झालेला रास्पबेरी पाय हा चिमुकला संगणक २०१२ सालीं विक्रीस आला, तेव्हांपासून ही जोडणी बरीच स्वस्त झाली. साहजिकच मालकाच्या मनांत येतें कीं, संगणकानेंच सकाळीं प्रोजेक्टर चालू करावा व रात्रीं बंद करावा. शिडीवर चढून बटण दाबणें नको, कीं हरवलेला रिमोट शोधणें नको. हुकूम सुटतो, आणि प्रोजेक्टर ढिम्म हलत नाहीं! त्याहून विचित्र प्रकार असा कीं, रात्रीं तो निमूटपणें झोंपतो, पण सकाळीं कांहीं केल्या उठत नाहीं. ज्या प्रोजेक्टरांत पाऱ्याच्या वाफेचा दिवा असतो, त्यांत त्या दिव्याचें आयुष्य कांहीं हजार तासांचें असतें. तो रात्रभर रिकाम्या खोलींत जळत राहिला तर खिशाला चाट बसते ती निराळीच.

हा हुकूम जातो तरी कोणत्या वाटेनें? दोन्ही यंत्रांना जोडणाऱ्या एचडीएमआय केबलच्या टोकांत १९ पिना असतात. बहुतेक पिना चित्र व ध्वनि वाहतात. १३ वी पिन मात्र केवळ निरोप्याचें काम करते. ह्या योजनेचें नांव सीईसी. हिच्यावरून सेकंदास सुमारें ४०० खुणाच जातात. चित्राच्या वेगापुढें ही बैलगाडी खरी, पण ‘चालू हो’, ‘बंद हो’ एवढें सांगण्यास ती पुरेशी आहे. वाड्यांतील सर्व बिऱ्हाडांना मिळून एकच घंटा असावी, तशी ही तार सर्व यंत्रांत सामाईक. म्हणून प्रत्येक निरोपाच्या आरंभीं बोलणाराचा व ऐकणाराचा क्रमांक द्यावा लागतो. चित्र दाखविणाऱ्या यंत्राचा क्रमांक ०, चित्र पुरविणाऱ्याचा बहुधा ४, आणि १५ म्हणजे सर्वांस उद्देशून. ज्याच्या नांवाचा निरोप, त्यानें तार क्षणभर खालीं ओढून पोंच द्यावयाची असते.

पोंच म्हणजे घंटा ऐकूं आली एवढेंच. काम झालें असा तिचा अर्थ नाहीं. पुष्कळांचा घोटाळा होतो तो येथेंच. पोंच देऊन वर ‘हें मला जमत नाहीं’ असें उत्तर पाठविण्याची सोयहि नियमांत आहे! यास्तव हुकूम सोडण्यापूर्वीं व सोडल्यानंतर ‘तूं जागा आहेस काय?’ हा प्रश्न विचारावा. रास्पबेरी पायवर चालणाऱ्या सीईसी-क्लायंट नांवाच्या प्रोग्राममध्यें त्याची तयार आज्ञा आहे.

पोंचच येत नसेल तर प्रथम प्रोजेक्टरचा मेनू उघडावा. एचडीएमआय असलेल्या प्रत्येक यंत्रांत सीईसी असतेंच असें नाहीं, आणि असलें तरी तें दुसऱ्याच नांवानें वावरतें: सोनीकडे ब्राव्हिया सिंक, सॅमसंगकडे अ‍ॅनीनेट प्लस, एप्सनच्या प्रोजेक्टरांवर एचडीएमआय लिंक. शिवाय तें कित्येकदां बंदच ठेवलेलें असतें. मध्यें डीव्हीआयचा जोड असेल तर शोध तेथेंच संपला, कारण डीव्हीआयमध्यें ह्या तारेला जागाच नाहीं. चित्र वाटून देणाऱ्या डब्याविषयींहि संशय धरावा. तो काढून सरळ केबल लावून पाहणें उत्तम. २०१९ नंतरच्या मोठ्या रास्पबेरी पायला दोन एचडीएमआय तोंडें आहेत व प्रत्येकाची निरोप्या-तार स्वतंत्र आहे. केबल एका तोंडाला आणि प्रश्न दुसऱ्या तोंडावर, असें होत नाहीं ना, तेंहि पाहावें.

आतां रात्रीं झोंपून सकाळीं न उठणाऱ्या प्रोजेक्टरची गोष्ट. विश्रांतींत असतांना वीज कमी खावी म्हणून प्रोजेक्टर आपले बहुतेक अवयव बंद करतो. युरोपांत तर २०१३ पासून साध्या विश्रांतींतील वापर अर्ध्या वॅटपर्यंत आणणारा नियम लागू झाला. ह्या काटकसरींत कानहि मिटले जातात. जागेपणीं दिलेला ‘झोंप’ हा हुकूम ऐकूं येतो. झोंपलेल्यास मारलेली हांक ऐकूं येत नाहीं. मेनूंत विश्रांतीचा प्रकार बदलून ‘संपर्क चालू’ अशा अर्थाचा ठेवला तर थोडी वीज अधिक जाते, पण कान उघडे राहतात. दुसरें कारण संगणकाच्या बाजूचें असतें. संगणकाला साखळींतील आपली जागा प्रोजेक्टरनें दिलेल्या ओळखपत्रावरून कळते. झोंपलेला प्रोजेक्टर तें देत नसेल आणि संगणक त्याच वेळीं सुरू झाला, तर बिचाऱ्याला आपला पत्ताच ठाऊक नसतो. अशा वेळीं ओळखपत्राची प्रत संगणकांतच साठवून ठेवतां येते.

प्रोजेक्टर हा दूरदर्शनचा संच नव्हे, हेंहि विसरतां कामा नये. दिवा तापण्यास व विझल्यावर निवण्यास वेळ लागतो, आणि त्या अवधींत आलेला हुकूम तो बहुधा कानाआड करतो. ‘बंद’ म्हटल्यावर लगेच ‘चालू’ म्हणणारा प्रोग्राम म्हणूनच फसतो. कित्येक प्रोजेक्टरांत नेटवर्कवरून चालणारी पीजेलिंक नांवाची पद्धति असते. सभागृहासाठीं सीईसीपेक्षां तीच अधिक भरंवशाची. ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर प्रश्न टाकला कीं उत्तर येतें: ० म्हणजे विश्रांति, १ चालू, २ निवत आहे, ३ तापत आहे. ह्यांतील २ चें उत्तर असेतों संगणकानें स्वस्थ बसावें. जुन्या प्रोजेक्टरांस आरएस-२३२ चें तोंड असतें, पण त्याच्या तारा रास्पबेरी पायच्या पिनांना सरळ जोडूं नयेत. त्या पिना ३.३ व्होल्टच्या, समोरून त्याच्या कितीतरी पट दाब येऊं शकतो व संगणक कायमचा जातो. मध्यें यूएसबीचा तयार अ‍ॅडॅप्टर घ्यावा.

कांहीं जण नुसतें चित्र थांबवितात व काम झालें असें समजतात. प्रोजेक्टर मात्र निळा पडदा दाखवीत दिवा जाळीतच राहतो. तथापि चित्र न आल्यास ठराविक मिनिटांनीं आपोआप बंद होण्याची सोय बहुतेकांत असते. ती चालू करून ठेवली तर सीईसी नसतांहि रात्रीचा प्रश्न मिटतो. सकाळीं वीज मिळतांच उठण्याची सोयहि कांहींत असते, पण तिच्यासाठीं रात्रीं भिंतीवरील स्विच बंद करावयाचा तो पंखा थांबल्यावरच.