मागणीनंतरचे मूल्य

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर गिऱ्हाइकाने मागितल्यावाचून म्हशीची धार काढली जात नाही. संगणकभाषांतील ‘लेझी’ मूल्यनिर्धारणाचा शिरस्ताही हाच. पायथनमध्ये क्ष = १०/० असे लिहिताच, पुढे ‘क्ष’ची गरज पडो वा न पडो, भागाकार तत्काळ करू जाऊन कार्यक्रम तिथेच त्रुटी दाखवितो; उलटपक्षी १९९० साली प्रथम जाहीर झालेल्या हास्केलमध्ये असा हिशेब तहकूब राहतो, पहिली मागणी येताच केला जातो आणि निघालेले उत्तर दप्तरी ठेवून पुढील प्रत्येक मागणीस तेच दिले जाते. तहकूब हिशेबांचा ढीग कधी स्मृती व्यापतो, ही तक्रार रास्तच; परंतु १ पासूनची अनंत यादी निर्धास्तपणे लिहून तिच्यातील पहिल्या पाचच संख्या मागता याव्यात, हे सामर्थ्य मला त्याहून मोलाचे वाटते.